हंडा ओढ्यात सापडला होता

तुमच्या गावात हवालदार आला की आधी काय होतं? चुलीवर चहाचं आधण चढतं, की त्याच्या हातातला कागद कोणी वाचायला मागतं?

आमच्या गावात आधण चढायचं. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही, कारण ओट्यावर बसून चहा पिणाऱ्यांत मीही होते. पौडहून आमच्याकडे यायचं तर एसटी अर्ध्या वाटेवर सोडते. पुढे भातखाचरांच्या बांधांवरून पायी. एका हवालदाराकडे अशी कितीतरी गावं आणि डोंगरातल्या वाड्या. तो येऊन टेकायचा तेव्हा बुटांत चिखल असायचा, नाहीतर धूळ, आणि खाकी सदरा पाठीला चिकटलेला. अशा माणसाला दारातून तसंच परत पाठवणं गावाला जमायचं नाही. त्याला चहा मिळे, पोहे मिळत आणि निघताना लागतील तेवढ्या सह्या मिळत.

सह्यांचं नीट सांगायला हवं. चोरी झाली, झडती झाली, काही माल सापडला, की पोलिसाला पंचनामा करावा लागतो: काय पाहिलं, कुठे पाहिलं, कोणासमोर पाहिलं. ज्यांच्यासमोर पाहिलं ते पंच. पोलिसाने जे पाहिलं तेच लिहिलं की नाही, हे बघायला गावातली दोन जाणती माणसं तिथे उभी असावीत, एवढ्यासाठी कायद्याने पंच मागितले आहेत. म्हणजे पंच हा पोलिसाच्या दिमतीला दिलेला माणूस नाही. तो पोलिसावर ठेवलेला गावाचा डोळा आहे. हे मला आज कळतं. तेव्हा आमच्याकडे पंच होणं हा मान होता, लग्नात पहिल्या पंगतीला बसण्यासारखा. दोन माणसं ठरलेली होती. एक किराणा दुकानदार, त्याची सही वळणदार. दुसरे एक म्हातारे शेतकरी, त्यांचा अंगठा स्वच्छ उमटायचा. हवालदाराला उन्हात ताटकळावं लागू नये, म्हणून हे दोघं कोऱ्या कागदांवर खाली सही आणि अंगठा आधीच करून देत. हवालदार पौडच्या चौकीत जाऊन, पाय धुऊन, सावकाश वरचा मजकूर भरी. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट हवालदाराला मजकूर लिहून होईपर्यंत बसवून ठेवणारं गाव माणूसघाणं, असं आमच्याकडे म्हणत.

मी याच गावची मुलगी आणि याच गावच्या शाळेतली मास्तरीण. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी धरणाविरुद्धच्या लढ्यात ती गावोगाव वाटली आणि उरलेली पत्र्याच्या पेटीत ठेवली. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. पुढे मराठी राज्याच्या चळवळीची पत्रकं आली, कुळांच्या हक्कांची आली. ती मी चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवायची आणि माणसं म्हणायची, पोरगी तोफ आहे. जुलूम, दडपशाही, हक्क हे शब्द जिला दहाव्या वर्षी पाठ होते, तिने विसाव्या वर्षी कोऱ्या कागदावर सही केली. आणि तीही हसत.

भात झोडणीचे दिवस होते. गावातल्या मोठ्या जमीनदाराच्या परसातून तांब्याचा हंडा नाहीसा झाला. त्या दिवशी त्यांच्या खळ्यावर डोंगरातल्या वाडीची सहा-सात माणसं झोडणीला होती. त्यांत एक बाई होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा कोकणच्या अंगाला कोळशाच्या भट्टीवर गेलेला. ती दिवेलागणीला परसात पाणी प्यायला आली होती, एवढ्यावरून मालकांनी तिचं नाव घेतलं. गावाने मान डोलावली. वाडीवरच्या माणसाचं नाव घेतलं की पुरावा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पोलीस पाटील, म्हणजे गावात पोलिसाचं काम बघणारे आमचे वयस्कर पाटील, शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तरीणबाई, पोरांना घटकाभर सुट्टी द्या. तुमची सही पायजे."

"कशावर?"

"पंचनाम्यावर. बाईमाणसाची झडती हाय, तवा बाईमाणूस लागतंय. आन गावात सही करणारी बाई तुमी येकच."

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. मालकांच्या ओट्यावर मी पुरुषांच्या बरोबरीने बसले. चहा आला. हवालदाराने तीन कोरे कागद माझ्यापुढे सरकवले.

"इथे खाली, बाई. आणि इथे. मला साडेतीनची गाडी गाठायची आहे, वर जाऊन यायलाच वेळ जाणार. मजकूर मी पौडला व्यवस्थित लिहितो."

"काय लिहिणार?"

"जे दिसेल ते. दुसरं काय लिहायचं असतं?"

दुकानदाराने आपल्या सह्या केव्हाच केल्या होत्या. "करा, बाई," तो म्हणाला. "आमचा तर हात झिजला. सरकार एक दिवस आमच्या बोटाला पेन्शन देणार हाय."

सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. हवालदाराने माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

मग आम्ही वाडीवर चढलो. त्या बाईचं घर म्हणजे कुडाच्या चार भिंती. आत दोन मडकी, एक कोयता, दोरीवर लुगडं, चुलीमागे लाकडांचा भारा. हवालदाराने भारा उचलून बघितला, मडक्यांत हात घालून बघितला. घरामागे नेऊन मी तिची अंगझडती घेतली. तिने हात वर केले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ, नीट बघ. लाज मला न्हाई, तुला वाटतीया."

काही मिळालं नाही. उतरताना ओढ्याशी दुकानदार आडोशाला गेला आणि करवंदीच्या जाळीत त्याला हंडा दिसला. पालथा, गाळाने माखलेला. तो ओढा वाडी आणि गाव यांच्या मधोमध वाहतो. वाडीच्या बाया तिथे पाणी भरतात. आमच्या बाया तिथे वाकळा धुतात. गुरं तिथे पितात, गुराखी तिथेच पेंगतात. हंडा तिथे कोणी नेला हे मला आजही माहीत नाही.

हवालदाराने हंड्याकडे बघितलं, मग वर उन्हाकडे. "हिचंच काम," तो म्हणाला. "वर जाऊन तिला घेऊन या, पाटील."

पाटील तिला घेऊन आले. मागून तिची सासू ओरडत येत होती. बाई मात्र ओरडली नाही. ती आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेली. माझ्यापाशी आली तेव्हा मी हंड्याकडे बघत होते. हवालदाराला साडेतीनची गाडी मिळाली. मी शाळेत जाऊन मुलांकडून पाढे म्हणून घेतले.

आठेक दिवसांनी तिची सासू शाळेच्या दारात आली. वाडीवरची माणसं शाळेत पाऊल टाकत नसत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"बाई, सुनंला पुण्याला नेलीया. जामिनाला सातबारावाला मानूस आना म्हनत्यात. आमच्यात कुटला सातबारा?"

मी काहीतरी पुटपुटले.

"पाटील सांगत हुता, कागदात लिवलंय की हंडा आमच्या चुलीमागं गावला. खाली तुजी सही हाय म्हनं."

"असं नसेल लिहिलं."

"तू आत आलीवतीस. चुलीमागं काय व्हतं?"

"लाकडं."

"मंग?"

ती उत्तरासाठी थांबली. मग तिने डोक्यावरचा लाकडांचा भारा सावरला आणि ती निघून गेली. वर्गात चौथीची मुलं माझ्याकडे बघत बसली होती. मी त्यांना काय शिकवत होते ते मला आता आठवत नाही.

शनिवारी मी पौडला गेले. हवालदार चौकीत होता. त्याने खुर्ची दिली, स्टँडजवळच्या हॉटेलातून चहा मागवला आणि कागद मागितल्यावर जराही आढेवेढे न घेता दाखवला. अक्षर त्याचंही चांगलं होतं. 'आरोपीचे राहते घरात चुलीमागे लाकडांचे भाऱ्याखाली वर वर्णनाचा तांब्याचा हंडा मिळून आला.' शेवटी लिहिलं होतं, 'पंचनामा आम्हां पंचांसमक्ष झाला, वाचून पाहिला, बरोबर आहे.' त्याखाली माझी सही, पूर्ण नावाची, एकही मात्रा न चुकलेली.

"हवालदारसाहेब, हंडा ओढ्यात सापडला होता."

"माहीत आहे."

त्याने शांतपणे कागदाची घडी घातली.

"ओढ्यातला हंडा कोर्टात टिकत नाही, बाई. ओढा कोणाच्या मालकीचा नसतो. चोर कोण हे गावाला माहीत आहे. मी फक्त हंडा थोडा वर सरकवला."

"चोर कोण हे मला माहीत नाही."

"मालकांना माहीत आहे."

"मग त्यांनाच पंच करायचं होतं."

तो हसला. वाईट हसला नाही, थकल्यासारखा हसला. "हे बघा, वाचून पाहिला असं तुमच्या सहीवर लिहिलंय. आता नाही म्हणालात तर खोटं कोण ठरणार? माझी नोकरी संपत आली, तुमची आत्ता लागलीय. चहा घ्या, गार होतोय."

मी चहा घेतला नाही. त्या दिवशीचा माझा पराक्रम एवढाच.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते पेटून उठतील.

"सायबाचं राज्य असतं तर मी सोता तुला कोर्टात नेली असती," ते म्हणाले. "पर आता पोलीस आपला हाय. आपुनच त्याला भर कोर्टात खोटा पाडला, तर लोक काय म्हनतील? ह्यांना राज्य मिळालं, पर चालवता येत न्हाई."

"आबा, पत्रकांत काय लिहिलं होतं?"

"ती परक्या सरकारासाठी होती."

"परक्या सरकारला विचारायची सोय नव्हती, म्हणून पत्रकं छापली. आता विचारायची सोय आहे. तो पोलीस आपला आहे म्हणूनच त्याने आपल्याला उत्तर द्यायचं. आपल्याला नाही द्यायचं तर कोणाला?"

चुलीशी भाकरी थापत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "तुमी पत्रकं वाटाया निघालावता तवा मी पाया पडून सांगत हुते, जाऊ नका. ऐकलंवतं का? आता पोरगीनं तुमचं कशापायी ऐकायचं?"

त्यावर घरात पुढे चर्चा झाली नाही.

मी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना अर्ज लिहायला बसले. पहिला खर्डा चार पानी झाला. त्यात पोलिसी जुलूम होता, गोरगरिबांचे अश्रू होते, स्वातंत्र्याची विटंबना होती. आबांनी तो वाचला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ओळीमागून ओळ खोडत गेले.

"हे पत्रक न्हाई. साक्ष हाय. तू काय पायलंस तेवढंच लिव्ह. आदी तुजी चूक लिव्ह."

शेवटी अर्धं पान उरलं. मी अमुक गावची शिक्षिका. मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, ही माझी चूक. हंडा घरात सापडला नाही, ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत सापडला. मी तिथे हजर होते. मजकूर नंतर लिहिला गेला. तो मी वाचला नव्हता. आजवर मी जे काही लिहिलं आहे, त्यात या अर्ध्या पानाइतकं अवघड मला काहीच गेलेलं नाही. पेटीतल्या सगळ्या पत्रकांत दोष दुसऱ्याचा होता. इथे पहिल्याच ओळीत माझा होता. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, आणि पोस्टातून बातमी गावात पोचायला संध्याकाळही लागली नाही.

मालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या घरची दोन मुलं शाळेत यायची थांबली. दुकानदार मला वाटेत गाठून म्हणाला, "बाई, हंडा मीच बघितला, मला काय ठावं न्हाई व्हय? पर माझं दुकान हाय. तुमचं काय, खडू आन फळा." मी म्हटलं, खरं तेवढं सांगा. तो म्हणाला, "खरंच सांगीन. जेवढं झेपंल तेवढं."

पंच म्हणून साक्षीचं समन्स आलं, तेव्हा पुण्याला कोर्टात आबा माझ्याबरोबर आले. आरोपीच्या पिंजऱ्यात ती बाई उभी होती. अडीच महिन्यांत ती निम्मी झाली होती. तिला वकील नव्हता.

आधी दुकानदाराची साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, हंडा कुठे मिळाला? दुकानदाराने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला नीट आठवत न्हाई, सायेब. मी लई पंचनामे केलेत. एकात एक मिसाळत्यात." मॅजिस्ट्रेटनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. त्याला झेपेल तेवढं सत्य तो बोलला होता.

मग मी.

"ही सही तुमची?"

"हो."

"पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

"नाही. मी सही केली तेव्हा कागद कोरा होता."

सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाला म्हणून मला उलट प्रश्न विचारायची परवानगी मागितली. कोणी पढवलं? वाडीवरच्या लोकांशी संबंध काय? वडील चळवळीतले ना? पोलिसांवर घरचा जुना राग आहे ना? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग मॅजिस्ट्रेटनी स्वतः विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात. कोऱ्या कागदावर सही करू नये हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"तरी केलीत?"

"केली."

मागे कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी आरोपीकडे वळून विचारलं, या साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? ती पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिला वाटलं आपल्याला दटावताहेत. शिपायाने समजावल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तवाच का न्हाई बोललीस?"

मॅजिस्ट्रेट म्हणाले, हा प्रश्न खटल्याशी संबंधित नाही, उत्तर द्यायची गरज नाही. मी म्हटलं, मला द्यायचं आहे.

"हवालदारांना साडेतीनची गाडी गाठायची होती," मी म्हणाले. "आणि मला सगळ्यांदेखत अडून बसणं बरं वाटलं नाही."

माझ्याकडे याहून मोठं कारण नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी लालूच दाखवली नव्हती. एका बाईचे अडीच महिने तुरुंगात गेले ते माझ्या भिडेखातर. कोर्टात कोणी हसलं नाही. तिने तोंड फिरवलं.

ती सुटली. निकालात हवालदाराच्या पंचनाम्यावर कडक शब्द होते आणि माझ्या वागण्यावरही होते. परतताना आम्ही एकाच एसटीत होतो, ती, तिची सासू, आबा आणि मी. तिने माझे आभार मानले नाहीत आणि मानायचं काही कारणही नव्हतं. पौडला उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "औंदा भट्टीवर जायाचं राह्यलं. आता त्या हवालदाराला काय व्हनार?"

"चौकशी होईल."

"मंग सांग मला."

चौकशी झाली. एक अधिकारी आमच्या चावडीत येऊन बसले. त्यांनी माझा जबाब घेतला, मोठ्याने वाचून दाखवला, मग सही मागितली. वाचून दाखवलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिकडे स्कूल बोर्डाने माझ्याकडे खुलासा मागितला आणि माझ्या सेवापुस्तकात ठपका लिहिला. तो लिहायलाच हवा होता. हवालदाराची बदली झाली. पण त्याला शिक्षा झाली की नुसतं दुसरं गाव मिळालं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. माझा ठपका मला लेखी मिळाला. त्याचा गावाला कळला नाही. हा फरक मला मान्य नाही. मी आज हे लिहिते आहे ते त्यासाठी.

मधल्या काळात गावात एक गोष्ट बदलली, तीही सहज नाही. त्या निकालानंतर मालकांनी चावडीवर विषय काढला की वाडीवरच्या लोकांना दिवेलागणीनंतर गावात येऊ देऊ नये आणि गावाने काठ्या घेऊन राखण करावी. पोलीस पाटील उठून उभे राहिले. ते म्हणाले, "राखण करू. पर गावाची राखण करायची तर वाडी गावात धरायची का न्हाई, ते आदी ठरवा. न्हाईतर ती राखण न्हाई, वेढा हाय." म्हाताऱ्याच्या तोंडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मला वाटतं, त्या बाईला ओढ्यावर बोलावून आणण्याचं काम त्यांनाच करावं लागलं होतं, ते त्यांच्या मनात राहिलं असावं.

त्या बैठकीत रात्र पडेपर्यंत भांडण झालं आणि दोन गोष्टी ठरल्या. राखणीत वाडीचे दोन गडी असतील. आणि पंचनामा जिथे होईल तिथेच पुरा लिहिला जाईल, ज्याच्या घराचा असेल त्याच्यादेखत मोठ्याने वाचला जाईल, मगच सही. वाडीचा मामला असेल तर एक पंच वाडीचा. दुकानदाराने हात वर केला. "माझी एकच अट हाय. मला पंचातनं मोकळा करा."

याची परीक्षा वर्षभराने झाली. मालकांची गवताची गंजी जळाली आणि बोट पुन्हा वाडीकडे गेलं. नवा हवालदार तरुण होता. त्याने सवयीने कोरे कागद काढले. पाटलांनी त्याला नियम सांगितला.

"गावचा नियम?" तो म्हणाला. "कायदा गाव करतं काय इथे?"

"कायदाच हाय तो," पाटील म्हणाले. "आमी फकस्त पाळायचं ठरवलंय."

गावाकडून पंच मी होते आणि वाडीच्या वतीने त्या बाईची सासू आली होती. हवालदार जळक्या गंजीशेजारी दगडावर बसून तासभर लिहीत होता आणि माणसं भोवती उभी होती. लिहून झाल्यावर त्याने शाई पुढे केली. म्हातारीने हात पदराआड घेतला.

"वाच आदी."

तो वाचू लागला. गंजीची लांबी-रुंदी, राखेचा ढीग, वाऱ्याची दिशा. मग आलं, 'वाडीकडे जाणारे वाटेवर गंजीपासून दहा पावलांवर अर्धवट ओढलेल्या बिडीचे थोटूक मिळून आले.'

"थांब," म्हातारी म्हणाली. "ते थोटूक आमच्या मानसाचं न्हाई. ते ह्या पाटलाचं हाय. आत्ता तू लिवत बसलावतास तवा टाकलंय त्येनं. अजून धूर असंल बघ त्येला."

सगळ्यांच्या माना पाटलांकडे वळल्या. पाटलांनी खिसा चाचपला आणि बिड्यांचा कट्टा बाहेर काढला. "व्हय," ते म्हणाले. "माजंच असंल. मला बी धरा आता."

हवालदारालाही हसू आवरेना. त्याने ती ओळ खोडली, खोडल्याजागी सही केली आणि माझी सही आणि म्हातारीचा अंगठा घेतला. गंजी कशाने जळाली ते ठरलं नाही, आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं. कोणी तुरुंगात गेलं नाही. निघताना त्या तरुण हवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, वेळ गेला खरा. पण उद्या कोर्टात मला कोणी आडवं विचारलं तर मला झोप लागेल." तो आजही येतो. त्याला चहा मिळतो, पण कागद वाचून झाल्यावर.

एवढं झालं म्हणून माझं समाधान झालेलं नाही. ती बाई बाजाराच्या दिवशी लाकडं घेऊन गावात येते. शाळेवरून जाताना ती थांबते, आता उंबऱ्याच्या आत येते, आणि दर वेळी तेच विचारते, "त्या हवालदाराचं कळलं का?" दर वेळी मी नाही म्हणते. तिचा प्रश्न सूडाचा नाही. तिला त्याची भाकर काढून घ्यायची नाही. तिला एवढंच हवं आहे की ज्या कागदाने तिला आत टाकलं, त्या कागदाचं पुढे काय झालं, ते सरकारने तिला सांगावं. ज्या राज्यात तिच्यासारखीचं मत आणि मालकांचं मत एकाच पेटीत पडतं, त्या राज्याने तिला हे सांगायलाच हवं. गुपचूप केलेल्या बदलीने पोलीस सुधारत नाही, फक्त चूक गाव बदलते. आणि त्या दुसऱ्या गावातल्या लोकांना कोणी सावध करत नाही.

अधीक्षकांच्या कचेरीला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. एका मास्तरणीचं पत्र फायलीत घालून विसरता येतं. पन्नास गावांची पन्नास पत्रं विसरायला फार मोठं कपाट लागेल.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या वाडीवर, गेल्या काही वर्षांत एखाद्या पोलिसाविरुद्ध तक्रार झाली असेल, चौकशी झाली असेल, तर तिचा निकाल तुम्हाला कळवला गेला का ते आठवा. नसेल, तर पोस्टातून एक कार्ड आणा. त्यावर गाव लिहा, तक्रार काय होती ते दोन ओळींत लिहा, जे पाहिलं तेवढंच लिहा, आणि खाली विचारा: चौकशीचा निकाल काय लागला, तो आम्हाला लेखी कळवा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते वाचून दाखवा, त्याचा अंगठा किंवा सही घ्या, शेजारी तुमची करा, आणि कार्ड जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टाका. माझं चौथं पत्र मी आणि ती बाई मिळून सोमवारी टाकतो आहोत. तुमचंही त्याच आठवड्यात पोचू द्या.